जुन्या ट्रकचा मूळ बांधा : ओळख आणि जतन

जुनी मोटारगाडी जतन करणारा हौशी माणूस आता भारतात नवलाचा राहिलेला नाही. मोठ्या शहरांतून अशा गाड्यांच्या फेऱ्या निघतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून लोक त्या कौतुकाने पाहतात. ट्रकच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येते. मोटारगाडी ही हौसेची वस्तू होती, ट्रक हे कमाईचे साधन होते. जोवर तो कमावीत होता तोवर त्याची डागडुजी होत राहिली, आणि ज्या दिवशी कमाई थांबली त्या दिवशी तो भंगाराच्या भावाने तोलला गेला. त्यामुळे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे ट्रक फार थोडे उरले आहेत. जे उरले त्यांतही पहिल्या दिवशी ज्या रूपात रस्त्यावर आला त्याच रूपात आजही उभा आहे, असा ट्रक विरळाच.

कुरुद हे नाव ऐकल्यावर अनेकांना धमतरी जिल्ह्यातील गाव आठवते. येथे अभिप्रेत असलेले कुरुद मात्र दुर्ग जिल्ह्यातील, भिलाई शहराचा भाग झालेले, कोहका आणि जामुल यांच्या बाजूचे आहे. या मुलखात ट्रकला महत्त्व का आले ते सांगण्यास फार शब्द नकोत. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. १९६५ मध्ये जामुलला सिमेंटचा कारखाना सुरू झाला. नागपूरहून दुर्ग, रायपूर, संबलपूर असा कलकत्त्याकडे जाणारा हमरस्ता शेजारूनच जातो. पोलाद, सिमेंट, धान आणि लाकूड यांच्या वाहतुकीने येथे ट्रकमालक, चालक, लोहार, सुतार आणि रंगारी यांची एक वस्तीच निर्माण केली. अशा परिसरात एखाद्या आवारात, विटांच्या थरावर चाके उतरवून ठेवलेला जुना ट्रक आढळला आणि तो जतन करावा असे कोणाच्या मनात आले, तर पहिला प्रश्न उभा राहतो तो यंत्राचा नव्हे. इंजिनावर क्रमांक असतो, चासीवर क्रमांक असतो. त्यांची ओळख पटविणे तुलनेने सोपे. अवघड प्रश्न असतो तो बांध्याचा. चालकाची केबिन, माल भरण्याचा हौदा, त्याचे फाळके, केबिनच्या डोक्यावरील पुढे आलेला कट्टा, यांतील मूळचे कोणते आणि मागाहून आलेले कोणते?

येथे ‘मूळ’ या शब्दाचाच अर्थ आधी ठरवावा लागतो. युरोप-अमेरिकेतील हौशी लोक ‘मूळ’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा कारखान्यातून बाहेर पडलेली पूर्ण गाडी असते. भारतातील ट्रकला हे माप लागू पडत नाही. बहुसंख्य भारतीय ट्रक कारखान्यातून अर्धवटच बाहेर पडत. लोखंडी सांगाडा, इंजिन, चाके, बॉनेट, पुढचे मडगार्ड आणि चालकासमोरचा उभा पडदा, ज्याला धंद्यात ‘काऊल’ म्हणतात, एवढेच कारखान्याचे काम असे. चालक एका खोक्यावर वा फळीवर बसून, अंगावर ऊन-पाऊस घेत, ही उघडी चासी शेकडो मैल चालवीत गिऱ्हाइकाच्या गावी आणीत असे. मग ती बॉडी बांधणाऱ्याच्या अंगणात उभी राहत असे, आणि तेथे सुतार, लोहार व रंगारी मिळून काही आठवड्यांत तिचा ट्रक करीत. म्हणजे ट्रकला दोन जन्मस्थाने असतात. एकाची नोंद कारखान्याच्या वहीत सापडते. दुसऱ्याची बहुधा कोठेच नसते.

ही प्रथा केवळ भारताची होती असे मात्र नाही. फोर्ड कंपनीने १९१७ मध्ये आपला ‘टीटी’ हा एक टन क्षमतेचा ट्रक बाजारात आणला तो नुसत्या चासीच्या रूपात. स्वतःच्या कारखान्यात बांधलेली केबिन तिने १९२४ मध्ये देऊ केली. पाश्चात्त्य देशांत ही पद्धत पुढे मागे पडत गेली. भारतात ती टिकली, याचे कारण उघड आहे. सुतार आणि लोहार येथे गावोगाव होते, मजुरी स्वस्त होती, आणि कोळसा वाहणाऱ्याला हवा असलेला हौदा कापूस वाहणाऱ्याच्या उपयोगाचा नसे. राज्य परिवहनच्या गाड्यांचाही हाच इतिहास आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली पहिली एस.टी. बेडफोर्डच्या चासीवरील लाकडी बांधणीची होती, आणि पुढे महामंडळाने दापोडी येथील कार्यशाळेत विकत आणलेल्या चासींवर आपल्या बसगाड्या स्वतः बांधल्या. तात्पर्य, या देशात चासी कोणाची आणि बांधा कोणाचा हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

चासीवरून काय कळते

बांध्याकडे वळण्यापूर्वी चासीचा काळ निश्चित करावा, कारण बांधा तिच्याहून जुना असणे सामान्यतः संभवत नाही. (सामान्यतः, एवढ्याचसाठी की याला एक प्रसिद्ध अपवाद आहे, तो पुढे येईल.)

महायुद्धापूर्वीचा ट्रक असेल तर तो बहुधा अमेरिकन वा ब्रिटिश सुट्या भागांतून भारतात जुळविलेला असतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला होता. १९५३ च्या सुमारास भारत सरकारने असे धोरण स्वीकारले की, ज्यांची येथे खरोखर उत्पादन करण्याची योजना असेल त्यांनाच या धंद्यात राहता येईल. त्यानंतर १९५४ मध्ये जनरल मोटर्सने येथील काम थांबविले. तोवर देशी कारखाने उभे राहिले होते. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ मध्ये कुर्ल्याला क्रायस्लर घराण्याची वाहने जुळविण्यास प्रारंभ केला. डॉज, फार्गो आणि डिसोटो ही त्या घराण्याच्या ट्रकची तीन नावे. नाव वेगळे, नावाची पट्टी वेगळी, ट्रक मात्र जवळजवळ एकच. त्यामुळे फार्गोच्या बॉनेटवर डॉजची पट्टी दिसली तर ती कोणी मागाहून बसविली असेलही. पण तेवढ्यावरून संपूर्ण पुढचा भाग बदलला आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

जमशेदपूरच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी ‘टाटा-मर्सिडीज-बेंझ’ हा ट्रक बाहेर पडला. जुने चालक अजूनही त्याला ‘मर्सिडीज’च म्हणतात. १९६९ मध्ये करार संपल्यावर जाळीवरील तीन टोकांचा तारा गेला आणि टाटांचे चिन्ह आले. साहजिकच तारा असलेला ट्रक १९६९ पूर्वीचा, असा सोपा नियम लोक सांगतात. नियम सोपा आहे, पण भरवशाचा नाही. ताऱ्याला प्रतिष्ठा होती, आणि भंगारातून आणलेला तारा नव्या ट्रकवर मिरविण्यात मालकांना कमीपणा वाटत नसे.

या भागात आणखी एका जातीचा ट्रक भेटण्याचा संभव असतो. जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यात १९५९ पासून जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ हा लष्करी ट्रक बनू लागला. १९६९ मध्ये त्याच शहरात लष्करी वाहनांचा स्वतंत्र कारखाना स्थापन झाला आणि शक्तिमानचे उत्पादन १९९६ पर्यंत चालले. लष्कराने लिलावात काढलेल्या अशा ट्रकना पुढे नागरी आयुष्य लाभे. दुसऱ्या महायुद्धातील कॅनेडियन ट्रकही असेच उरले. कॅनडाने त्या युद्धात आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने तयार केली. त्यांतील फोर्ड आणि शेव्हरोले यांचे बसक्या नाकाचे ट्रक भारतातही मोठ्या संख्येने आले. त्यांच्या केबिनचे प्रकार क्रमांकाने ओळखले जातात. तेराव्या क्रमांकाच्या केबिनची समोरची काच वरून पुढे व खालून आत कललेली असते, म्हणजे नेहमीच्या काचेच्या उलट. सूर्याचे प्रतिबिंब विमानातून दिसू नये हा त्यामागील हेतू. लष्करी ट्रकच्या बाबतीत बांध्याचा प्रश्न थोडा सोपा होतो, कारण त्याचा हौदाही ठरलेल्या नमुन्याचा असतो. त्याच चासीवर सागाचा किंवा सालाचा हौदा दिसला, तर तो लष्करानंतरच्या आयुष्यातला समजावा.

आता तो अपवाद. १९२० नंतरच्या दशकात हिंदुस्थान सरकारने सरहद्दीच्या बंदोबस्तासाठी क्रॉसली कंपनीच्या चासींवर बांधलेल्या चिलखती गाड्या घेतल्या होत्या. चिलखत उत्तम राहिले, चासी मात्र झिजून गेल्या. महायुद्धाच्या तोंडावर या गाड्यांची जुनी चिलखते उचलून शेव्हरोले ट्रकच्या नव्या चासींवर बसविण्यात आली. बांधा एका पिढीचा, चासी दुसऱ्या पिढीची. ट्रकच्या जगातही, विशेषतः टाकी किंवा भक्कम पोलादी हौदा असेल तेव्हा, असे घडू शकते. म्हणून चासीचा क्रमांक वाचला की काम संपले असे मानू नये.

लाकूड, खिळे आणि भोके

बांध्याची खरी तपासणी खाली आडवे पडून सुरू होते. हौदा चासीवर थेट बसत नाही. सांगाड्याच्या दोन्ही लांब बाजूंवर लाकडाची पट्टी, तिच्यावर आडव्या तुळया, त्यांवर तळाच्या फळ्या, आणि हे सगळे इंग्रजी यू अक्षरासारख्या बोल्टांनी चासीला आवळलेले, अशी ही रचना असते. लाकडाच्या पट्टीखाली दडलेला लोखंडाचा भाग आणि उघडा राहिलेला भाग यांवर गंज सारखा चढत नाही. यू-बोल्टच्या दाबाने कडेवर बारीक खाचा पडतात. पुढे हौदा बदलला आणि नव्या सुताराने तुळयांतील अंतर वेगळे धरले, तर आधीच्या खाचा तशाच मागे राहतात. आज हौद्याला सात तुळया आहेत, पण चासीवर नऊ तुळयांच्या खुणा आहेत, असे दिसले की हा हौदा पहिला नव्हे हे कोणालाही न विचारता सिद्ध होते. याउलट खुणांचा एकच संच असेल आणि तो आजच्या तुळयांशी तंतोतंत जुळत असेल, तर पहिला हौदा अद्याप जागेवर असण्याची शक्यता बळावते.

लाकूड पाहणे हा पुढचा टप्पा. मध्य भारताचा नकाशा या कामी उपयोगी पडतो. चंद्रपूर-आलापल्लीच्या बाजूस सागाची जंगले आहेत. छत्तीसगडच्या दक्षिण व पूर्व भागांत आणि ओरिसात साल विपुल आहे. पंजाबात शिसव, आणि हिमालयातून उतरणारा देवदार. त्यामुळे दुर्गच्या ट्रकचा हौदा सालाचा निघाला तर त्यात आश्चर्य नाही. केबिनचा सांगाडा देवदाराचा निघाला तर तो ट्रक किंवा निदान त्याची केबिन उत्तरेकडून आली असावी असा तर्क करता येतो. तो तर्कच, पुरावा नव्हे, कारण लाकूडही रेल्वेने प्रवास करते. शिवाय सुतार काटकसरी असतो. जुन्या हौद्यातली धड फळी तो नव्या हौद्यात बसवितो. फळीवर निरर्थक वाटणारी भोके दिसतात ती याचीच साक्ष होय. भोकांना जोडीदार नसेल, म्हणजे समोरच्या तुळईत त्याच रेषेत भोक नसेल, तर ती फळी दुसरीकडून आलेली आहे.

स्क्रू आणि बोल्ट यांची भाषा अधिक स्पष्ट असते. अर्ध्या इंचाचा व्हिटवर्थ बोल्ट घेतला तर एका इंचात बारा आटे मोजता येतात. अमेरिकन पद्धतीच्या तेवढ्याच बोल्टवर तेरा भरतात. आटे मोजण्याची पत्ती कोणत्याही वर्कशॉपमध्ये असते. डॉज-फार्गोच्या कारखान्यातील भागांवर अमेरिकन आटे, टाटा-मर्सिडीजच्या भागांवर मेट्रिक, आणि दोघांच्याही हौद्यावर बाजारातून आणलेले व्हिटवर्थ, असे मिश्रण सापडले तर गोंधळून जाऊ नये. तेच स्वाभाविक आहे. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली आणि १९६२ पर्यंत ती सर्वत्र लागू झाली, तरी लोखंडी सामानाच्या दुकानांतून इंची बोल्ट पुढे अनेक वर्षे विकले जात होते. म्हणून हौद्यावरील इंची बोल्ट जुनेपणा सिद्ध करीत नाही. पण मेट्रिक बोल्ट मात्र नंतरच्या दुरुस्तीकडे बोट दाखवितो. आडव्या खाचेच्या स्क्रूंच्या रांगेत मध्येच फुलीच्या खाचेचा स्क्रू आला, तर त्याचीही नोंद घ्यावी.

पत्र्याच्या बाबतीत भिलाईकरांचा एक गोड गैरसमज असतो. कारखाना शेजारी, तेव्हा ट्रकचा पत्राही भिलाईचाच, असे सहज बोलले जाते. वस्तुतः भिलाईची ख्याती रुळांची, बांधकामाच्या पोलादाची आणि जाड प्लेटची आहे. केबिनला लागणारा पातळ पत्रा तेथे बनत नाही. राउरकेला, बोकारो आणि जमशेदपूर ही त्याची घरे. हौद्याच्या कडांना मारलेले अँगल आणि चॅनल मात्र भिलाईचे असू शकतात. लोखंडावर कधी कधी गिरणीचे नाव उठावाच्या अक्षरांत असते. ‘सेल’ हे नाव असलेला तुकडा १९७३ च्या आधीचा असू शकत नाही, कारण स्टील अथॉरिटीची स्थापनाच त्या वर्षी झाली. केबिनचा पत्रा लाकडी सांगाड्यावर खिळ्यांनी ठोकला आहे, रिवेट मारले आहेत, की ठिपक्यांचे यांत्रिक वेल्डिंग आहे, हेही पाहावे. शेवटचा प्रकार अंगणातील कारागिराच्या आवाक्यातला नव्हता; तो कारखान्याचे काम सुचवितो.

रंगाचे थर

जतन करणाऱ्यांच्या हातून सर्वांत मोठी हानी होते ती रंगाच्या बाबतीत. ट्रक मिळाला की पहिल्याच आठवड्यात तो घासून काढायचा, ही घाई घातक आहे. रंग हा बांध्याचा सर्वांत विश्वसनीय इतिहासकार असतो, आणि घासलेला रंग परत येत नाही.

पद्धत साधी आहे. दाराच्या बिजागरीमागे, नंबरपट्टीच्या आड, अशा उन्हापावसापासून झाकलेल्या ठिकाणी रुपयाएवढी जागा निवडावी. बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून ती मधोमध अधिक आणि कडेला कमी अशी हळूहळू घासावी. झाडाच्या बुंध्यावर दिसावीत तशी रंगांची वर्तुळे उघडी होतात. सर्वांत आतले वर्तुळ सर्वांत जुने. जुन्या रंगांत, विशेषतः तळाच्या शेंदरी थरात, शिसे असते. म्हणून कोरडे घासू नये, तोंडावर फडके बांधावे आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. दोन रंगांमध्ये धुळीची बारीक काळी रेघ दिसली तर ट्रक मध्यंतरी रस्त्यावर होता. रेघ नसेल तर ते दोन्ही थर एकाच वेळचे, एक अस्तर आणि एक वरचा हात. असे ठिपके केबिनवर, हौद्यावर, फाळक्यावर आणि बॉनेटवर, प्रत्येकी निदान दोन ठिकाणी करून थरांची यादी शेजारी शेजारी मांडावी. केबिनवर सात थर आणि हौद्यावर वरचे तीनच, असे निघाले तर निष्कर्ष उघड आहे. चौथ्या आणि पाचव्या रंगाच्या दरम्यान हौदा बदलला गेला. वर्ष कळले नाही तरी क्रम कळतो, आणि क्रम हाती असेल तर एखाद्या जुन्या बिलावरून वर्षही सापडते.

अक्षरांसाठी रात्रीची वेळ चांगली. अंधारात बॅटरीचा झोत पत्र्याला जवळजवळ समांतर धरला की वरच्या रंगाखाली बुजलेल्या अक्षरांच्या कडा उठून दिसतात. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात मालवाहू गाड्यांचे ‘पब्लिक कॅरिअर’ आणि ‘प्रायव्हेट कॅरिअर’ असे दोन वर्ग होते. १९८८ चा कायदा जुलै १९८९ मध्ये अंमलात आल्यावर हा भेद संपला आणि ट्रकच्या कपाळी ‘गुड्स कॅरिअर’ ही अक्षरे आली. कपाळपट्टीवर गुड्सच्या खाली पब्लिक सापडले तर ती पट्टी १९८९ पूर्वीची आहे, आणि तिच्या जोडीची केबिनही बहुधा तशीच. डाव्या बाजूला लिहिलेली रिकामी व भरलेली वजने पौंडांत आहेत की किलोग्रॅममध्ये, हेही असेच बोलके असते. ‘हॉर्न ओके प्लीज’ या अक्षरांना मात्र या दृष्टीने काही किंमत नाही. ती सर्व काळांत आणि सर्व ट्रकवर आढळतात. महाराष्ट्रात २०१५ मध्ये त्यांवर बंदी आली, तेव्हा ती पुसलेली असणे हीच फार तर एक तारीख म्हणता येईल.

कागदांकडे वळताना या प्रदेशाचा राजकीय इतिहास ध्यानात ठेवावा लागतो. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग भोपाळच्या मध्य प्रदेशात राहिले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड झाले. एकाच ट्रकच्या कागदपत्रांत त्यामुळे तीन राजधान्यांचे शिक्के असू शकतात. नोंदणी पुस्तकात बांध्याचा प्रकार, रिकामे वजन आणि चासी क्रमांक हे रकाने असतात. रिकाम्या वजनातील बदलाकडे विशेष लक्ष द्यावे. लाकडी हौद्याच्या जागी लोखंडी आला की वजन बदलते, आणि ते मोजून पुन्हा नोंदवावे लागते. जुन्या मालकाच्या घरी दसऱ्याचे किंवा विश्वकर्मा पूजेचे छायाचित्र असेल तर त्याचे मोल कोणत्याही सरकारी कागदाहून कमी नाही. झेंडूच्या माळांनी जाळी झाकली जाते हे खरे. पण केबिनची उंची, खिडकीचा आकार आणि फाळक्यांची संख्या त्यात दिसते.

काय राखावे

सर्व तपासणी संपल्यावर बहुधा असे निघते की चासी १९५८ ची, केबिन तिच्याबरोबरची, हौदा त्यानंतर वीस वर्षांचा आणि एक फाळका कालपरवाचा. मग ‘मूळ रूप’ आणण्यासाठी हौदा मोडून १९५८ चा हौदा नव्याने बांधावा काय? पुष्कळ हौशी लोक हेच करतात, आणि ते चुकीचे आहे. पहिल्या हौद्याचे मोजमाप हाती नसताना बांधलेला नवा हौदा हा आजचा असतो. त्याच्यासाठी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या खऱ्या सुताराचे खरे काम मोडले जाते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेचा आशयही याच दिशेचा आहे. वाहनाच्या सेवाकाळात झालेले बदल हा त्याच्या इतिहासाचा भाग मानावा आणि हस्तक्षेप होईल तितका कमी करावा. कालपरवाचा फाळका मात्र बदलण्यास हरकत नाही.

कायद्याची स्थिती या बाबतीत ट्रकला अनुकूल नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी नोंदणीचे वेगळे नियम केले आणि ‘व्हीए’ अक्षरांची खास क्रमांकमाला दिली. पण ती सवलत दुचाकी आणि प्रवासी चारचाकी यांच्यापुरती, खाजगी वापराच्या वाहनांसाठी आहे. मालवाहू ट्रक तिच्या कक्षेत येत नाही. दुसरीकडे, १५ वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होऊ लागली आणि ती मोडीत जाऊ लागली. मोडीत जाणाऱ्या या गाड्यांत बांधणीचा चांगला नमुना असेल तर तो वेगळा काढण्याची जबाबदारी त्या नियमांनी कोणावरही टाकलेली नाही. म्हणून आज तरी जुना ट्रक टिकणे हे मालकाच्या मर्जीवर आणि त्याच्या आवारातील मोकळ्या जागेवर अवलंबून आहे.

प्रत्यक्ष जतनाचे काम खर्चिक असतेच असे नाही. दुर्गच्या हवेत उन्हाळा लाकूड फाडतो आणि पावसाळा ते कुजवितो. वाळवी दोन्ही ऋतूंत काम करते. वर पत्र्याचे छप्पर, चारी बाजूंनी वारा, आणि चाकांखाली माती नव्हे तर दगड किंवा सिमेंटचे ठोकळे, एवढ्याने निम्मे काम होते. प्लॅस्टिकच्या कापडात ट्रक गुंडाळून ठेवणे हे न झाकण्यापेक्षा वाईट, कारण आत ओल कोंडते. तुळयांच्या टोकांशी आणि केबिनच्या उंबऱ्याखाली साचलेला वर्षानुवर्षांचा चिखल लाकडी पट्टीने खरवडून काढावा. लाकूड कुजण्याचा आरंभ तेथेच होतो. कोरड्या झालेल्या लाकडाला जवसाचे तेल पातळ करून द्यावे. जवस या मुलखात पिकतो आणि तेल मिळण्यास अडचण पडत नाही. वाळवीसाठी टाकणखार आणि बोरिक आम्ल यांचे द्रावण फळीच्या खालच्या अंगाला, तेल देण्यापूर्वी लावावे. तेल आधी दिले तर द्रावण आत शिरत नाही. पातळ पत्र्यावर वाळूचा झोत मारून गंज काढू नये. पत्र्याला लहरी येतात आणि कारागिराच्या हातोडीच्या खुणा नाहीशा होतात. ट्रकच्या अंगावर नवा रंग देणे अगदीच अपरिहार्य असेल तर निदान रंगाचे तपासलेले ठिपके, जुनी कपाळपट्टी आणि डाव्या बाजूची वजनाची अक्षरे सोडून द्यावा.

जो भाग काढावाच लागेल तो फेकू नये. कुजलेल्या तुळईचे निरोगी टोक, एक यू-बोल्ट, जुन्या पत्र्याचा वीतभर तुकडा, यांना पत्र्याची चिठ्ठी तारेने बांधावी आणि तिच्यावर खिळ्याने ठोकून लिहावे: कोणत्या बाजूची, पुढून कितवी, कोणत्या दिवशी काढली. शाई पावसाळ्यात उडते, ठोकलेली अक्षरे राहतात. ही पेटी घराच्या माळ्यावर न ठेवता हौद्यातच, केबिनच्या पाठीला लागून ठेवावी. ट्रक दुसऱ्याच्या हाती गेला तर ती त्याच्याबरोबर जाईल.